टर्बो घ्या, पण वर्कशॉप बघून

बुऱ्हाणपुरात कुणाच्या हातात पाच-सहा लाख रुपये आले आणि डोक्यात गाडीचं वारं शिरलं, की तो दोन प्रश्न घेऊन माझ्याकडे येतो. "भाऊ, जुनी टर्बोवाली हॅचबॅक मिळतेय, घेऊ का?" हा पहिला. "रोज चालवायला जमेल ना?" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर गाडीवर अवलंबून आहे, दुसऱ्याचं आपल्या गावावर. पहिल्याचा अभ्यास सगळे मोबाइलवर करून आलेले असतात. दुसऱ्याचा कुणीच केलेला नसतो, म्हणून हा लेख.

आपल्याकडे छोट्या अंगाच्या आणि तगड्या इंजिनाच्या गाड्यांची यादी तशी लहानच आहे. 2013 मध्ये फोक्सवॅगनने चाकणला बनणाऱ्या पोलोत 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला आणि 105 पीएसची जीटी टीएसआय आली. 2015 मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून फियाटची अबार्थ पुंटो आली, तब्बल 145 पीएसची. 2017 मध्ये बलेनो आरएस, 2018 मध्ये टियागो जेटीपी, 2021 मध्ये आय20 एन लाइन. यातल्या निम्म्याहून अधिक गाड्या आज नव्या मिळत नाहीत. बलेनो आरएस आणि टियागो जेटीपी बीएस-6 नियम लागू होताना बंद झाल्या, फियाटने इथे गाड्या विकणं थांबवलं, पोलो 2022 मध्ये थांबली. म्हणजे शौक असेल तर बाजार सेकंड हँडचाच. मालकाने जपलेली आणि मालकाने पिळलेली, दोन्ही गाड्या तिथे सारख्याच चकाचक पॉलिश करून उभ्या असतात.

माझी गाडी पुण्यातल्या एका एजंटकडून आली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण तसा गिअरबॉक्स अनेक कंपन्या वापरतात. ऑटोमॅटिक, ड्युअल क्लच, तोही कोरडा, म्हणजे तेलात न बुडणारा. मला केळीच्या व्यवहारासाठी रोज रावेर-सावद्याकडे जावं लागतं. उघड्या रस्त्यावर गाडी अशी पळायची की सोबत बसलेले व्यापारीही बोलणं थांबवून रस्त्याकडे बघायचे. हिवाळा मजेत गेला. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला आणि शनवाऱ्याच्या कोंडीत, समोर केळीचा ट्रक, मागे रिक्षा, एसी चालू, अशा अवस्थेत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथरायला लागली. मग डॅशबोर्डवर गिअरचं चिन्ह लुकलुकलं आणि गाडीने पुढे सरकायचं नाकारलं.

पुढचं सगळं बुऱ्हाणपूरचं गणित आहे. आपले मिस्त्री हुशार आहेत, पण हा गिअरबॉक्स उघडायला लागणारी हत्यारं आणि संगणक त्यांच्याकडे नाहीत. कंपनीचं वर्कशॉप इंदूरला, सुमारे 180 किलोमीटरवर, मधे सिमरोलचा घाट. अशी गाडी दोर बांधून टोचन करून नेता येत नाही, पुढची चाकं फिरली तर गिअरबॉक्सचं आणखी नुकसान होतं, म्हणून फ्लॅटबेडवर चढवावी लागली. तिथे पार्ट ऑर्डर झाला, पार्ट येईपर्यंत गाडी त्यांच्या अंगणात आणि मी बसने रावेरला. बिल आलं तेव्हा गाडीच्या किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा गिअरबॉक्सनेच खाल्ला होता. जुनी सर्व्हिस हिस्ट्री काढली, तर आधीच्या मालकानेही थरथरीची तक्रार नोंदवलेली होती. एजंटने ती कधी दाखवलीच नव्हती.

त्यानंतर मित्रांसाठी, भाच्यासाठी, ओळखीपाळखीत अशा अनेक गाड्या बघितल्या. त्यातून जे हाती आलं ते असं.

आधी वर्कशॉप ठरवा, मग गाडी

रोजच्या गाडीचा खरा आकडा बीएचपी नाही. बंद पडल्यावर ती किती दिवसांत पुन्हा दारात उभी राहते, हा खरा आकडा. पुण्या-मुंबईत हा फरक जाणवत नाही. आपल्याकडे एका बाजूला इंदूर, दुसऱ्या बाजूला भुसावळ-जळगाव, एवढाच आधार. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी तीन फोन करा. एक इंदूरच्या वर्कशॉपला, एक जळगावच्या, एक आपल्या रोजच्या मिस्त्रीला. क्लच प्लेट, टर्बो, पुढचे शॉकॲब्सॉर्बर आणि हेडलाइट, या चार गोष्टींची किंमत आणि पार्ट यायला लागणारा वेळ विचारा. चारपैकी दोनची उत्तरं "बघावं लागेल" अशी आली, तर ती गाडी रविवारची आहे, रोजची नाही.

इथे एक कसोटी फार उपयोगी पडते: त्या गाडीचं इंजिन आजही एखाद्या चालू गाडीत बसतंय का? 2020 ते 2022 च्या पोलोतलं 1.0 टीएसआय इंजिन त्याच घराण्यातल्या टायगुन, व्हर्टस, कुशाक, स्लाव्हियात येतं. म्हणून पोलो बंद झाली तरी त्या इंजिनाचे पार्ट लवकर संपणार नाहीत. फोर्डने 2021 मध्ये भारतीय बाजारासाठी गाड्या बनवणं थांबवलं, तरी फिगोचं 1.5 डिझेल इकोस्पोर्टमध्येही होतं आणि इकोस्पोर्ट गल्लोगल्ली आहेत. अबार्थ पुंटोचं तसं नाही. गाडी मनात भरते, चारही चाकांना डिस्क ब्रेक, खेच जबरदस्त. पण तिची कंपनीच इथल्या बाजारात नाही. घरात दुसरी गाडी असेल, तरच तिच्या वाटेला जा.

गिअरबॉक्स आपल्या ट्रॅफिकमध्ये तपासा

विकणारा नेहमी मोकळ्या रस्त्यावर टेस्ट ड्राइव्ह देतो. तिथे सगळ्याच गाड्या छान पळतात. कोरड्या ड्युअल क्लचची परीक्षा गर्दीत होते. थांबा, सरका, थांबा, सरका, असं चाललं की क्लच सतत घासत राहतो आणि तापतो. म्हणून एसी लावून भर दुपारी अर्धा तास बाजारातून चालवा. चढावर थांबवून पुन्हा उचला, रिव्हर्स घ्या. पहिल्यावरून दुसऱ्यात जाताना झटका, थरथर किंवा धातूचा खडखडाट आला, तर किंमत कमी करून घेण्याच्या फंदात पडू नका. सरळ परत या. त्यातलं नियंत्रण युनिट गेलं, तर लाखाच्या पुढची गोष्ट होते.

मॅन्युअल गिअरबॉक्स मिळत असेल तर तोच घ्या. त्याचा क्लच आपला मिस्त्री दिवसभरात बदलून देतो. बलेनो आरएस, टियागो जेटीपी आणि पोलो 1.0 टीएसआयच्या मॅन्युअल आवृत्तीचं बुऱ्हाणपुरासाठी हेच मोठं भांडवल आहे.

टर्बोची नाडी

बघायला जाल तेव्हा आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर गाडी तुमच्यासाठी आधीच सुरू करून ठेवली आहे. थंड इंजिन सुरू होताना होणारा खडखडाट आणि सायलेन्सरमधला निळा धूर ऐकू-दिसू नये, म्हणून हा उद्योग असतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. टर्बोचा पाइप सोडून आत बोट फिरवायला मिस्त्रीला सांगा. हलका ओलावा चालतो, ऑइल साचलेलं चालत नाही.

दुसरा प्रकार रीमॅपचा. इंजिनाच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढवतात आणि विकताना मूळ प्रोग्रॅम परत टाकतात. कागदावर काही उरत नाही, पण झीज उरते. बदललेला एअर फिल्टर, कापून पुन्हा जोडलेला सायलेन्सर, वेगळ्या मापाची चाकं या त्याच्या खुणा. स्कॅनर लावून घ्या. फॉल्ट कोड नुकतेच पुसले असतील, तर तेही स्कॅनरवाल्याला कळतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं आहे. अपघात झाला आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल सापडला, तर क्लेम अडकतो.

पेट्रोलचाही विचार करा. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल 2023 च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. ॲव्हरेज थोडं कमी धरा आणि इंधनाच्या रबरी नळ्या, सील वेळोवेळी तपासून घ्या.

खालून बघा

या गाड्या जमिनीला जवळ असतात. इंदूर-इच्छापूर रस्त्याचं चौपदरीकरण सुरू झाल्यापासून डायव्हर्जन, खडी आणि अचानक येणारे उंचवटे यांचा प्रसाद सगळ्यांनी घेतला आहे. गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय सौदा करू नका. ऑइल चेंबर ठेचलेला आहे का, गिअरबॉक्सखाली ओल आहे का, पुढचे आर्म वाकलेत का, हे खालूनच दिसतं. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. चार टायर चार वेगवेगळ्या वर्षांचे निघाले, तर मालकाने गाडी कशी ठेवली ते वेगळं विचारायला नको.

मीटरपेक्षा कागद खरे

किलोमीटर मागे घेणं अवघड नाही. म्हणून चेसिस नंबर देऊन कंपनीच्या वर्कशॉपमधून सर्व्हिस हिस्ट्री काढा. प्रत्येक भेटीचं रीडिंग त्यात असतं. जुनी विमा पॉलिसी मागा आणि 'नो क्लेम बोनस' बघा. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो 50 टक्के असतो. सहा-सात वर्षांच्या गाडीचा बोनस शून्य दिसला, तर नुकताच क्लेम झालेला असण्याची शक्यता मोठी. कशाचा, ते विचारा. हा बोनस जुन्या मालकाचा असतो, गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही. खरेदीनंतर 14 दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्या.

एमएच पासिंगची गाडी पुण्या-नाशिकला स्वस्त दिसते, पण सीमेअलीकडे राहणाऱ्यांनी हिशेब पूर्ण करावा. दुसऱ्या राज्याची गाडी इथे बारा महिन्यांहून अधिक ठेवायची, तर नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी हवी, आणि मध्य प्रदेशचा रोड टॅक्स भरायचा. महाराष्ट्रातला उरलेला टॅक्स परत मिळवणं हे तिथल्या मूळ आरटीओत अर्ज करून धरून बसण्याचं काम आहे. कर्जाची गाडी असेल, तर बँकेच्या संमतीशिवाय एनओसी नाही. बाकी चलानं आधी मिटवून घ्या. आणि एनओसी हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका, मग एजंट कितीही गोड बोलो.

आरसीची मुदत पहिल्या नोंदणीपासून 15 वर्षं असते. 2013 ची गाडी आज घ्याल, तर 2028 मध्ये फिटनेस आणि नूतनीकरण तुमच्या वाट्याला येणार. स्वस्त किंमतीत तो खर्चही धरा.

पैशांची वाटणी

सहा लाख हातात असतील, तर गाडी पावणेपाचपर्यंतचीच बघा. उरलेल्यात आरटीओ, विमा, टायर, सगळी ऑइलं आणि एक मोठी दुरुस्ती बसली पाहिजे. सगळे पैसे गाडीत घालून वर कर्ज काढणाऱ्याची गाडी पहिल्या मोठ्या बिलाला वर्कशॉपमध्येच अडकते आणि मग तिथूनच पडेल भावात विकली जाते. अशी गाडी पुढच्या गिऱ्हाइकाला "फर्स्ट क्लास कंडिशन" म्हणून दाखवली जाते, हेही मी पाहिलं आहे.

माझा निकाल असा. बुऱ्हाणपुरात रोज चालवायला 2020 नंतरची पोलो 1.0 टीएसआय मॅन्युअल किंवा नीट जपलेली बलेनो आरएस घ्या. बजेट वाढवता आलं, तर 2023 च्या फेसलिफ्टनंतरची मॅन्युअल आय20 एन लाइन किंवा 2024 ची अल्ट्रोझ रेसर बघा, दोन्ही 120 पीएसच्या आहेत. पहिला मालक, एमपी पासिंग, पूर्ण सर्व्हिस हिस्ट्री. जुन्या ड्युअल क्लचपासून लांब राहा, वॉरंटी शिल्लक असेल तेवढाच अपवाद. आणि टोकन देण्याआधी आपल्या मिस्त्रीला सोबत न्या, त्याला त्या दिवसाची मजुरी द्या. तो "नको" म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका. गाडी शेवटी त्यालाच उघडायची आहे.