गोधडी, ऊब आणि उष्णतेचा पाठ



डिसेंबर-जानेवारीत निफाड, नाशिक, धुळे या भागात पहाटेचा पारा कधी कधी ५-६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. पत्र्याच्या घरात फरशीवर झोपणारी मुलं रात्रभर कुडकुडतात. मग सकाळी वर्गात कुणी पेंगतं, कुणी खोकतं, कुणी येतच नाही. हीटर सगळ्यांना परवडत नाही. २००० वॅटचा हीटर एक तास चालला तर २ युनिट वीज जाते. म्हणून आज उष्णतेचा पाठ आणि घरातली ऊब यांचा एकत्र विचार करू या.

मुलांना आधी एक प्रश्न विचारा : "गोधडी गरम असते का?" बरीच मुलं "हो" म्हणतील. मग घडी करून ठेवलेल्या गोधडीला हात लावायला सांगा. ती गारच लागते! उष्णता तयार करतं आपलं शरीर, तीही खाल्लेल्या अन्नापासून. शरीराच्या आतलं तापमान साधारण ३७ अंश असतं. गोधडीतल्या जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये हवा अडकून राहते. अशी स्थिर हवा उष्णतेची दुर्वाहक असते, त्यामुळे अंगातली उष्णता लवकर बाहेर जात नाही.

म्हणजे ऊब आपल्याजवळ आहेच, ती कुठून निसटते तेवढं शोधायचं.

वर्गातील कृती

साहित्य : तीन सारखे स्टीलचे पेले, तीन झाकण्या, जुनं सुती कापड, कोमट ते गरम पाणी, प्रयोगशाळेतील तापमापी.

तिन्ही पेल्यांत सारखंच पाणी शिक्षकांनी स्वतः ओतावं व झाकण ठेवावं. पहिला पेला उघडा ठेवा, दुसऱ्याला कापडाचा एक थर गुंडाळा, तिसऱ्याला चार थर सैलसर गुंडाळा. दर १० मिनिटांनी तापमान मोजून फळ्यावर तक्ता करा. कोणतं पाणी आधी गार झालं आणि का, हे मुलांनाच सांगू द्या. ताप मोजायचा थर्मामीटर मात्र वापरू नका, गरम पाण्यात तो फुटू शकतो.

घरी काय करता येईल?

१. आधी खालून बंदोबस्त करा. गार फरशी अंगातली उष्णता ओढून घेते. अंथरुणाखाली गोणपाट, पुठ्ठा किंवा चटई टाका. पांघरुणं दोन असतील तर एक खाली अंथरून बघा.

२. एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घाला. मोजे फार घट्ट नकोत.

३. कपडे कोरडे हवेत. स्थिर हवेपेक्षा पाणी उष्णता सुमारे २५ पट वेगाने वाहून नेतं. म्हणून घामट, ओलसर कपडे झोपण्यापूर्वी बदला.

४. गोधड्यांना दुपारचं ऊन दाखवा. दमटपणा जातो, कापड फुलतं, आत हवा जास्त मावते.

५. दुपारी खिडक्या उघडून ऊन आत घ्या, सूर्य कलला की बंद करा. दाराखालच्या फटीला जुन्या कापडाची गुंडाळी लावा. मात्र त्याच खोलीत चूल पेटत असेल तर हवा जायची वाट बुजवू नका.

६. मुलांना उपाशी झोपवू नका. बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, शेंगदाणे यांतून शरीराला इंधन मिळतं.

७. तान्ह्या बाळाला टोपरं घाला, जवळ घ्या. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं, तिथून बरीच उष्णता जाते. तोंडावर मात्र पांघरूण येऊ देऊ नका.

हे मात्र कधीही करू नका

बंद खोलीत कोळशाची पेटती शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं ठेवून झोपू नका. निखाऱ्यांचा धूर दिसत नाही, म्हणून "आता काही भीती नाही" असं वाटतं. पण अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मग शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही लक्षणं. झोपलेल्या माणसाला तर काही कळतही नाही, आणि जीव जातो. असं कुणी आढळलं तर लगेच मोकळ्या हवेत न्या आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

शेकोटी करायची तर अंगणातच करा, आणि झोपायला जाण्यापूर्वी पूर्ण विझवा. नायलॉनच्या, पॉलिस्टरच्या कपड्यांना ठिणगी लागली तर ते वितळून अंगाला चिकटतात. म्हणून मुलं जरा लांबच बसू देत.

मुलांना घरचा अभ्यास

हात ओला करून दाराजवळ, खिडकीजवळ, पत्र्याच्या कडेला धरा. जिथे जास्त गार लागेल तिथून वारा येतोय. अशा जागांचा छोटा नकाशा वहीत काढा आणि आई-बाबांसोबत एक तरी फट बुजवा.

पालकहो, शेगडीचा भाग मुलांकडून घरातल्या आजी-आजोबांना नक्की सांगायला लावा. नातवंडाचं सांगणं ते मनावर घेतात. आणि शिक्षक मित्रांनो, हा पाठ परीक्षेच्या वेळापत्रकाची वाट न बघता थंडीतच घ्या, म्हणजे मुलांना त्याच रात्री उपयोगी पडेल.