अभ्यासपाठ – धूर, अग्नी आणि कॉलेजचा निबंध



आमची भाची कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. 'मोबाइलमुळे वाचन संपले' यावर तिने चार पानं लिहून दिली. पानं परत आली ती एका शेऱ्यासकट – 'मत आहे, कारण कुठे?' पोरगी हिरमुसली. "मामी, मला लिहिताच येत नाही, हा विषयच सोडते," म्हणाली.

आम्ही तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि न्यायशास्त्रातलं जुनं उदाहरण सांगितलं. तिथे अनुमान पाच पायऱ्यांनी मांडतात.

१. प्रतिज्ञा – काय म्हणायचंय ते : डोंगरावर अग्नी आहे.
२. हेतू – कशावरून : तिथे धूर दिसतोय.
३. उदाहरण – नियम आणि दाखला : जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात.
४. उपनय – तोच नियम इथे : या डोंगरावरही तसाच धूर आहे.
५. निगमन – म्हणून डोंगरावर अग्नी आहे.

खरी गोम पुढे आहे. हेच उलटं केलं तर? 'जिथे अग्नी तिथे धूर' हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं जळण लागतं, हे नैयायिकांनी तेव्हाच सांगून ठेवलंय. आपल्या गॅसवर तर रोजच दिसतं! म्हणजे नियम मांडला की तो कुठे मोडतो, हेही आपणच शोधायचं.

भाची जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण मामी, तुमचा गुरुवारचा पाठ तर सगळे मोबाइलवरच वाचतात!"

मोडला की नियम! मग तिने प्रतिज्ञाच बदलली – 'मोबाइलमुळे सलग, लांब वाचन कमी होते.' घरातल्या सहा जणांना विचारून कोण काय आणि किती वेळ वाचतं ते टिपलं. सहा जण म्हणजे सगळं गाव नव्हे, हेही प्रामाणिकपणे लिहिलं. चार पानांची दोनच झाली, पण ती तिची स्वतःची. विषय सोडायची भाषा आता नाही.

तेव्हा मुलांनी लिहिलेलं दाखवलं की नुसतं 'छान' म्हणू नये. तीन प्रश्न विचारावेत. तुझं म्हणणं एका वाक्यात काय? कशावरून? आणि ते कुठे लागू पडत नाही? उतरवून काढलेलं उत्तर बहुधा तिसऱ्या प्रश्नाशी अडतं.

या आठवड्याचा अभ्यास : मुलांनी एका मतावर पाच पायऱ्यांच्या पाच ओळी लिहून घरच्या ग्रुपवर टाकाव्यात. मोठ्यांनी फक्त तिसरा प्रश्न विचारावा, उत्तर सांगू नये.

पुढच्या गुरुवारी भेटूच.