पानातील प्राणवायू

पाण्यात बुडविलेल्या हिरव्या पाणवनस्पतीवर ऊन पडले म्हणजे तिच्यातून बुडबुडे निघू लागतात. ते प्राणवायूचे होत. पाने सूर्यप्रकाशात पाणी व कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर तयार करतात, तेव्हा हा वायू बाहेर पडतो. पण प्राणवायू तर त्या दोन्ही पदार्थांत असतो. मग बाहेर पडतो तो कोणता? तो कार्बन डायऑक्साइडमधलाच असावा, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानीत.

१९३० नंतरच्या दशकात व्हॅन नील या डच शास्त्रज्ञांनी काही विलक्षण जीवाणूंकडे लक्ष वेधले. हे जीवाणूही प्रकाशाच्या साहाय्याने आपले अन्न बनवितात; मात्र पाण्याऐवजी ते हायड्रोजन सल्फाइड वापरतात, आणि प्राणवायूऐवजी गंधक तयार होतो. कार्बन डायऑक्साइडमध्ये गंधक मुळीच नसतो! तेव्हा हिरव्या पानात पाण्याचेच विघटन होत असले पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले.

अनुमान सुंदर होते, पण पुरावा हवा होता. १९४१ साली अमेरिकेत रूबेन, कामेन व त्यांचे सहकारी यांनी क्लोरेला नावाच्या शैवालास जड प्राणवायू असलेले पाणी दिले. नेहमीच्या प्राणवायूहून वजनदार असल्यामुळे तो वेगळा ओळखता येतो. शैवालातून निघालेल्या वायूत जड प्राणवायूचे प्रमाण त्या पाण्यातल्याइतकेच आढळले. हायड्रोजन साखरेच्या घडणीस लागतो. प्राणवायू पान बाहेर टाकते.