झाडावरचा नेम आणि कॉस थीटा

मित्रांनो, हॉस्टेलच्या टेरेसवरून खालच्या बादलीत कागदाचे बोळे टाकण्यात आपण सगळेच पटाईत! वरून नेम धरणं म्हणजे सोपं काम, असं मलाही वाटायचं.

एम.एस.साठी मिशिगनमध्ये असताना लॅबमधला एक मित्र मला त्याच्या वडिलांच्या शेतावर घेऊन गेला. तिथे १ ऑक्टोबरपासून धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. रीतसर लायसन्स काढून लोक झाडाला बांधलेल्या मचाणावर, म्हणजे ट्री स्टँडवर, तासन् तास बसतात. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा उगाच उत्साह नको!) मला शिकार करायची नव्हती, पण कॉलेजात तिरंदाजी केली होती, म्हणून फोमच्या हरणावर नेम धरायची खुमखुमी होती.

जमिनीवरून पाचपैकी पाच बाण बरोबर छातीत. मग वर चढलो आणि वाट लागली! पहिला बाण निशाणाच्या एक वीत वर. दुसराही तसाच.

मी लगेच थिअरी झाडली. गुरुत्वाकर्षणाचा हिशेब आडव्या अंतरावर चालतो, तिरप्या नाही. मी तिरपं अंतर धरलं, म्हणून बाण वर गेला. मित्र हसून म्हणाला, "मग आकडे घालून बघ की!"

बघितले. आडवं अंतर १८ मीटर, उंची ६ मीटर. म्हणजे तिरपं अंतर १९ मीटर आणि कॉस थीटा ०.९५. बाणाचा वेग सेकंदाला ८० मीटर धरला तर १९ मीटरला पाव सेकंदही लागत नाही आणि बाण साधारण २७ सें.मी. खाली येतो. कॉस थीटामुळे पडणारा फरक त्याच्या ५ टक्के, म्हणजे जेमतेम दीड सेंटिमीटर. माझी चूक मात्र २० सें.मी.ची! फॉर्म्युला बरोबर होता, पण गुन्हेगार दुसराच निघाला.

तो होता माझ्या कमरेत. मी कंबर ताठ ठेवून फक्त धनुष्याचा हात खाली नेत होतो. त्यामुळे खांदा सरकतो, दोरीचा ताण बदलतो, हनुवटीजवळचा अँकर सुटतो आणि डोळा, दोरीतलं पीप व समोरची पिन यांची रेषा बिघडते. पीप आणि पिन यांच्यात अंतर साधारण पाऊण मीटर. समरूप त्रिकोण मांडा : पीपजवळ ८ मि.मी. चूक झाली की १९ मीटरवर २० सें.मी. हुकतं.

मित्राने शिकवलेली रीत अशी :

१) निशाण समोर, आपल्याच उंचीवर आहे असं समजून दोरी सरळ ताणा. दोन्ही हात आणि धड यांचा इंग्रजी टी झाला पाहिजे.
२) अँकर पक्का करा, पीपमधून पिन बघा.
३) आता कमरेतून वाका. टी तसाच, फक्त सगळाच्या सगळा कलायचा.
४) बाण निशाणाला लागेपर्यंत वाकलेलेच राहा.

तिसरा बाण छातीत लागला!

मात्र हे सगळं हार्नेस घालून. चढायला लागल्यापासून उतरेपर्यंत पट्टा झाडाला जोडलेला हवा. नाहीतर वाकायची भीती वाटते आणि कंबर पुन्हा ताठ होते. धनुष्य हातात घेऊन चढायचं नाही, वर बसल्यावर दोरीने ओढून घ्यायचं.

माझे दोन बाण फोमने मुकाट्याने सोसले. खऱ्या हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा जेमतेम २० ते २५ सें.मी.ची. एक वीत चुकली तर ते जखमी होऊन रानात जातं आणि तडफडत राहतं. हरीण मचाणाच्या अगदी खाली आलं तर कोन इतका तीव्र होतो की बाण एकाच फुप्फुसातून जाऊ शकतो. म्हणून माझा मित्र अशा वेळी बाण सोडतच नाही. "खात्री नसेल तर दोरी परत सैल करायची," हे तो वडिलांकडून शिकला होता.

आपल्या तिरंदाजी टीममधल्या पोरांनो, फील्ड आर्चरीत चढ-उताराचे नेम असतातच, तिथे हीच रीत कामी येते. आणि बाकीच्यांनो, व्हायव्हात किंवा लॅबमध्ये रीडिंग चुकलं की आधी फॉर्म्युल्याकडे बोट दाखवू नका. आकडे घाला. चूक बऱ्याचदा आपल्याच उभं राहण्यात असते!