हार्टलीचे पदक

मुलांनो, इंग्लंडमध्ये हार्टली येथे कोळशाची खाण होती. आत उतरायला आणि वर यायला एकच उभी वाट होती. १६ जानेवारी १८६२ रोजी पाणी उपसणाऱ्या यंत्राची अवजड लोखंडी तुळई मोडून त्या वाटेत कोसळली. खाणीचे तोंडच बंद झाले. बाहेरच्या कामगारांनी जिवावर उदार होऊन दिवसरात्र अडथळा उपसला; पण आत कोंडलेले सर्वजण विषारी वायूने गुदमरून गेले होते. एकूण २०४ जण दगावले. त्यांत लहान मुलेही होती.

वाट मोकळी करणाऱ्यांना पदके मिळाली. ती आजही जपून ठेवली आहेत. त्याच वर्षी कायदा झाला : कोळशाच्या खाणीला दोन वाटा हव्यात. पदक शौर्याची आठवण देते. पण सांगा, दुसरी वाट आधीच असती, तर?