परक्या देशांत घर करणें

परदेशीं जाणें आणि परदेशीं राहणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. जाण्यास परवाना, पैसा व थोडें धैर्य पुरतें. राहण्यास आणखी काय लागतें, हें एका शिक्षकाच्या चरित्रावरून आम्ही येथें पाहणार आहों.

लॅफ्काडिओ हर्न यांचा जन्म १८५० सालीं, आज ग्रीस देशांत असलेल्या लेफ्काडा बेटावर झाला. आई ग्रीक, वडील आयरिश. लहानपणींच दोघेही अंतरले आणि वडिलांच्या मावशीनें त्यांस डब्लिन शहरीं वाढविलें. शाळेंत खेळतांना डावा डोळा गेला. एकोणिसाव्या वर्षीं ते अमेरिकेस गेले व वर्तमानपत्रांत लिहून पोट भरूं लागले.

१८९० च्या एप्रिलांत ते जपानांत योकोहामा बंदरीं उतरले. ज्या मासिकासाठीं लिहावयास आले, त्याच्याशीं लवकरच बेबनाव झाला. त्या काळीं योकोहामा, कोबे इत्यादि बंदरांत पाश्चात्त्यांची निराळी वस्ती असे. दुकानें, क्लब, वर्तमानपत्रें सारीं त्यांचींच. १८९९ पर्यंत जपानी न्यायालयांचा अधिकारही त्यांजवर चालत नसे. वर्षानुवर्षें जपानांत राहूनही जपानी शेजाऱ्याचा उंबरठा न ओलांडणें तेथें सहज शक्य होतें.

हर्न यांनीं ती वस्ती सोडली. त्याच वर्षीं ते पश्चिम जपानांतील मात्सुए गांवीं इंग्रजीचे शिक्षक झाले. पुढें त्यांनीं जपानी पद्धतीच्या घरांत बिऱ्हाड केलें. जमिनीवर चटया, कागदी सरकतीं दारें, आणि जोडे बाहेर काढून आंत जाण्याची रीत. ही शेवटची रीत आमच्या वाचकांस नवी वाटणार नाहीं! पहिल्याच हिवाळ्यांत थंडीनें ते आजारी पडले. तेव्हां कोइझुमी सेत्सु ही तरुणी घर पाहण्यास आली. घराणें सामुराई, म्हणजे क्षत्रिय. पण नव्या राजवटींत दारिद्र्यास पोंचलेलें. पुढें दोघांनीं संसार थाटला.

हर्न यांस जपानी भाषा नीट अशी कधींच आली नाहीं. घरांत व्याकरण सोडलेली मोडकी जपानी चाले. तिला घरचीं माणसें ‘हर्नची भाषा’ म्हणत. याच भाषेंत सेत्सुबाई जुन्या कथा सांगत. पुस्तक बाजूस ठेवून स्वतःच्या शब्दांत सांगावें, असा हर्न यांचा आग्रह असे. १९०४ चें त्यांचें प्रसिद्ध ‘क्वाइदान’ हें पुस्तक अशा कथनांतून तयार झालें.

१८९३ सालीं मुलगा झाला आणि कायद्याचा प्रश्न उभा राहिला. इंग्रजी कायद्याप्रमाणें विवाह नोंदवावा, तर बायकोमुलें आपल्याच देशांत परकीं होणार. न नोंदवावा, तर बापाच्या पश्चात् मिळकतीवर त्यांचा हक्क अनिश्चित राहणार. अखेर १८९६ सालीं हर्न पत्नीच्या कुळांत दाखल होऊन जपानी प्रजाजन झाले व कोइझुमी याकुमो हें नांव त्यांनीं धारण केलें. आपल्याकडे मुलगी सासरचें नांव घेते. येथें एका युरोपियन पुरुषानें तें घेतलें.

इतकें करूनही सर्व सुरळीत झालें असें नाहीं. टोकियोच्या विद्यापीठांत सुमारें सात वर्षें शिकविल्यावर १९०३ सालीं त्यांस ती जागा सोडावी लागली. त्यांच्या जागीं आलेल्यांत इंग्लंडहून परतलेले नात्सुमे सोसेकी होते. जपानला आतां आपलेच अध्यापक हवे होते. दुसऱ्याच वर्षीं हर्न वारले. मात्सुएंतील त्यांचें घर मात्र आजही जपून ठेविलेलें आहे.

आज आपल्याकडील कित्येक तरुण जपानांत नोकरीस जातात. तेथें मुक्काम ठरल्यापासून चौदा दिवसांत नगरकचेरींत पत्ता नोंदवावा लागतो. तें काम एका सकाळीं उरकतें. परंतु शेजाऱ्याशीं कोणत्या भाषेंत बोलणार, मुलें कोणत्या देशाचीं होणार, म्हातारपणीं कोठें राहणार, हे प्रश्न कोणतीही कचेरी सोडवीत नाहीं. पालकहो, पगाराचा आंकडा विचारतांना हेही प्रश्न मुलांस विचारावे. आणि विद्यार्थ्यांनो, जाण्याचा बेत असल्यास भाषेचा अभ्यास येथूनच आरंभा. हर्न यांच्या घरीं सेत्सुबाई होत्या, तुमच्या घरीं कोण असेल हें आज कोणास ठाऊक?