आयसीयूतल्या जेवणाचा हिशेब

"सलाईन चालू आहे ना, मग पोटात काहीतरी जातंय," हे वाक्य आयसीयूबाहेरच्या बाकावर रोज ऐकू येतं. हिशेब वेगळा आहे. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या 500 मिलीच्या बाटलीत साखर 25 ग्रॅम, कॅलरी जेमतेम 85. म्हणजे एखाद्या पोळीएवढ्या. नॉर्मल सलाईन तर नुसतं मिठाचं पाणी. गंभीर आजारात शरीर स्वतःचेच स्नायू मोडून वापरतं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका अभ्यासात अशा रुग्णांचा मांडीचा स्नायू दहा दिवसांत सुमारे 18 टक्क्यांनी घटलेला दिसला. त्यात उपासाची भर कशाला?

म्हणून पहिला प्रश्न पैशाचा नाही. "फीड कधी सुरू करणार?" हा आहे. तोंडाने खाता येत नसेल, पण रक्तदाब सावरलेला आणि आतडं चालू असेल, तर दाखल झाल्यापासून 24 ते 48 तासांत नाकातल्या नळीतून, म्हणजे रायल्स ट्यूबमधून फीड सुरू करावं अशी शिफारस आहे. तिसऱ्या दिवशीही चार्टवर 'एनबीएम' (निल बाय माउथ, म्हणजे पोटात काही द्यायचं नाही) दिसलं तर कारण विचारा. कारण असू शकतं, पण ते तुम्हाला कळायला हवं.

आता खर्च. आजारापूर्वी 60 किलो वजन असलेला माणूस धरू. अंगावर सूज येऊन फुगलेलं वजन इथे चालत नाही. किलोमागे 25 कॅलरी म्हणजे 1,500, आणि किलोमागे 1.3 ग्रॅम प्रथिनं म्हणजे 78 ग्रॅम. एवढं पहिल्याच दिवशी द्यायचं नसतं, काही दिवसांत चढवत न्यायचं असतं. बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर दिलं, तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम कोसळून जिवावर बेतू शकतं. तेव्हा सुरुवातीलाच फीड पावडरचे चार डबे आणायला सांगितले, तर आधी एकच आणा. फीड सोसत नाही म्हणून पावडर बदलली, की उरलेले तीन घरी पडून राहतात.

डबा घेताना किमतीआधी मागचा तक्ता वाचा. समजा, 400 ग्रॅमचा डबा 800 रुपयांना आहे आणि 100 ग्रॅममध्ये 430 कॅलरी, 16 ग्रॅम प्रथिनं आहेत. 1,500 कॅलरींसाठी साधारण 350 ग्रॅम पावडर लागेल, म्हणजे रोजचे 700 रुपये. पण प्रथिनं भरली 56 ग्रॅमच. उरलेल्या 22 ग्रॅमसाठी वेगळी प्रोटीन पावडर लागणार. तिचे पैसे मिळवा आणि मगच दुसऱ्या ब्रँडशी तुलना करा. कधी कधी महाग दिसणारा डबाच स्वस्त पडतो. पेप्टाइडची पावडर आणखी महाग. साधं फीड पचत असेल तर ती कशासाठी, हे आहारतज्ज्ञांना विचारायला लाजू नका. ग्लुटामाइन या अमिनो आम्लाबद्दल तर विचाराच. 2013 च्या एका मोठ्या चाचणीत, अनेक अवयव निकामी झालेल्या रुग्णांना ते भरपूर दिल्यावर मृत्यू वाढलेले दिसले.

घरून आणलेल्या डाळीच्या पाण्यात, गाळून घेतल्यावर, पाणीच उरतं. घट्ट दिलं तर नळी तुंबते, मग नवी नळी आणि पुन्हा एक्स-रे. शहाळं प्रेमाने आणतात लोक, पण त्यात पोटॅशियम भरपूर. मूत्रपिंड थकलेल्याला ते घातक. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात मोजूनमापून केलेलं दूध-अंड्याचं फीड मिळत असेल, तर ते पावडरीपेक्षा स्वस्त पडतं.

खर्च खरा उडी मारतो तो शिरेतून आहार, म्हणजे टीपीएन लागल्यावर. तीन कप्प्यांची पिशवी काही हजारांची, ती रोज एक. वर सेंट्रल लाइन, पंप आणि साखर, क्षार, यकृत यांच्या तपासण्या. आतड्याला अडथळा किंवा गळती असेल तर तिथे काटकसर नको. आतडं चालू लागल्यावर मात्र "नळीवर कधी आणणार?" हे रोज विचारा.

आता बिल. आमच्या घरच्या एका बिलात रोजचे 'डाएट चार्जेस' लागले होते. नर्सिंग चार्टशी ताडून पाहिलं तर त्यातले चार दिवस पेशंट एनबीएमवर होता. रक्कम कमी झाली, पण विचारल्यावरच. विमा नियामकाच्या यादीत आहारतज्ज्ञांचं आणि आहाराचं शुल्क उपचाराच्या खर्चातच धरायचं आहे, वेगळं नाही. सोबत्याचं जेवण सहसा विम्यात मिळत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजात औषधांबरोबर रुग्णाचं जेवणही येतं. तिथे डबा विकत आणायला सांगितलं तर रुग्णालयातल्या योजनेच्या प्रतिनिधीला, म्हणजे आरोग्यमित्राला गाठा, नाहीतर 155388 वर फोन करा. रुग्णालयाच्याच औषध दुकानातून औषधं घ्यायची सक्ती नाही, असा फलक लावायला महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) 2025 मध्ये सांगितलं आहे. बाहेर एमआरपीवर सूट मिळते का, ते जरूर पाहा.

बाहेरून आणाल तेव्हा पक्कं बिल घ्या आणि त्याच नावाचं डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन सोबत जोडा. ते नसेल तर टीपीए, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणारा मध्यस्थ, तो डबा क्लेममधून सरळ काढून टाकतो.